एकाच लेनवर समोरासमोर गाड्या: रस्त्याच्या कामावरचा फिरता सिग्नल पुन्हा पुन्हा का फसतो

दोन पदरी रस्ता, त्यातला अर्धा खणलेला. उरलेल्या लेनवरून दोन्ही बाजूंच्या गाड्या आळीपाळीने सोडायच्या म्हणून दोन टोकांना ट्रॉलीवरचे सोलर सिग्नल उभे केलेले. पहिले दोन-तीन दिवस सगळं सुरळीत. मग एके दिवशी लेनच्या मधोमध टिपर आणि उसाचा ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे. दोन्हींच्या मागे रांग, मागे घ्यायला जागा नाही. सुपरवायझर सिग्नल बंद करून पुन्हा चालू करतो, दिवसभर ठीक चालतं आणि दोन दिवसांनी परत तेच.

बंद-चालू केल्याने हा दोष लपतो, जात नाही. कारणं ज्या क्रमाने तपासायची त्याच क्रमाने खाली दिली आहेत. आकडे १५० ते ३०० मीटरच्या पट्ट्यासाठी आहेत: मोरीचं काम, एका बाजूचं काँक्रिटीकरण, घाटातली संरक्षक भिंत अशी आपल्याकडची नेहमीची कामं.

आधी घडतंय काय ते बघा

दोन टोकांना दोन माणसं उभी करा आणि दोघांनाही मोबाइलवर सिग्नलचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ घ्यायला सांगा. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून जुळलेलं असतं, त्यामुळे दोन्ही व्हिडिओ वेळेनुसार शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. तिसरा माणूस लेनच्या मध्यावर, बॅरिकेडच्या आत. एवढ्यावर प्रश्न तीन वाटांपैकी एकीला लागतो. शेवटची गाडी आत असतानाच समोरून हिरवा लागत असेल तर वेळ कमी पडतेय. दोन्हीकडे एकाच क्षणी हिरवा दिसत असेल तर घड्याळ किंवा रेडिओ. सिग्नल बरोबर चाललाय आणि तरी गाडी समोर येतेय, तर ती लाल तोडून आली आहे किंवा मधल्या एखाद्या शेतरस्त्यावरून.

कंट्रोलरचं, म्हणजे सिग्नलच्या वेळा चालवणाऱ्या डब्याचं, झाकण उघडायची घाई इथेच थांबते, कारण गाड्या समोरासमोर येण्याच्या तक्रारीत बहुतेक वेळा पहिलीच वाट निघते. सिग्नल सांगितलेलं काम चोख करत असतो. काम पुढे सरकलेलं असतं आणि ते सिग्नलला कोणी सांगितलेलं नसतं.

ऑल-रेडचं गणित

दोन्ही टोकांना एकाच वेळी लाल असण्याचा काळ म्हणजे ऑल-रेड. पिवळा संपता संपता आत शिरलेली सगळ्यात मंद गाडी तेवढ्या वेळात शेपटासकट पलीकडे निघाली पाहिजे. हिशेब साधा: थांबा रेषेपासून थांबा रेषेपर्यंतचं अंतर, अधिक गाडीची लांबी, भागिले वेग. वेग ताशी किलोमीटरमध्ये असेल तर ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंद करून घ्या.

पहिली चूक अंतरातच होते. खोदकाम २२० मीटर म्हणून कंट्रोलरमध्ये २२० टाकतात. पण कोनची (रस्त्यावर ठेवतात त्या शंकूंची) तिरपी रांग आणि तिच्याही अलीकडची थांबा रेषा धरली तर दोन्ही टोकांना वीस-वीस मीटर वाढतात. चेनेजच्या, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर लिहिलेल्या, खुंट्या असतील तर अंदाजाने बोलायची गरजच नाही: एक रेषा १२/४०० ला, दुसरी १२/६६० ला, म्हणजे २६० मीटर. हे चाळीस मीटर कारला पाच सेकंदांचे आहेत, भरलेल्या ट्रॅक्टरला चौदा सेकंदांचे.

आता हाच २६० मीटरचा पट्टा वेगवेगळ्या गाड्यांना किती वेळ घेतो ते पाहा. ताशी ३० ने जाणारी कार ३१-३२ सेकंदांत बाहेर. चढावर उभ्यावरून निघालेला भरलेला ट्रक ताशी १५ धरला तर गाडीची लांबी मिळवून ६५ सेकंद. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी १० ने, लांबी १५ मीटर धरून, ९९ सेकंद. बैलगाडी माणसाच्या चालीने, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर: चार मिनिटांच्या वर. बैलगाडी सिग्नलच्या वेळेत बसवायचा प्रयत्न करू नका, तिच्याबद्दल शेवटी.

पुरवठादार जो आकडा भरून पाठवतो तो बहुधा कारच्या वेगावर काढलेला असतो. नोव्हेंबर ते मार्च कारखाना चालू असताना कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा नगरकडच्या रस्त्यावर तोच आकडा ठेवला की ट्रॅक्टर अर्ध्यावर असतानाच समोर हिरवा लागणार. म्हणून वेग पुस्तकातून घेऊ नका. त्याच पट्ट्यात, त्याच कच्च्या-पक्क्या पृष्ठभागावर, दहा मंद गाड्या स्टॉपवॉचने मोजा आणि त्यातली सगळ्यात मंद धरा. खडी टाकलेल्या, न दाबलेल्या भागात हीच गाडी आणखी हळू जाते. पाऊस पडून गेला की त्याहूनही.

घाटात दोन दिशांचे आकडे वेगळे निघतात. चढणारी बाजू सुटल्यानंतरचा ऑल-रेड मोठा, उतरणारी बाजू सुटल्यानंतरचा लहान. कंट्रोलरमध्ये दोन वेगळ्या वेळा भरायची सोय असेल तर वापरा, नसेल तर मोठा आकडा दोन्हीकडे. शिवाय चढणाऱ्या बाजूची थांबा रेषा जमेल तितकी सपाट जागी आणा, भले ती वीस मीटर मागे जावो. तीव्र चढावर उभा राहिलेला भरलेला ट्रक निघायलाच दहा-बारा सेकंद खातो, आणि निघताना मागे सरकला तर त्याच्या पाठीला चिकटून एखादी मोटरसायकल असतेच.

रांग वाढली की लोक चुकीचा आकडा कापतात

प्रत्येक साइटवर हा प्रसंग येतो. रांग लांबते, हॉर्न वाजू लागतात, कोणीतरी पुढारी किंवा पोलीस येऊन ‘वेळ कमी करा’ म्हणतो. सुपरवायझर जी वेळ ‘वाया’ जाताना दिसते ती कापतो, म्हणजे ऑल-रेड. संध्याकाळी गाड्या समोरासमोर.

रांग कमी करायची तर आधी हिरवा वाढवायचा. वरचाच पट्टा घ्या: हिरवा ६०, पिवळा ३, ऑल-रेड १००. एक पूर्ण चक्र ३२६ सेकंदांचं, तासाला अकरा चक्रं. दर अडीच सेकंदाला एक कार सुटते असं धरलं तर एका बाजूने तासाला साधारण २६५ कार निघतात. हिरवा ९० केला तर चक्र ३८६ सेकंदांचं होतं, चक्रं कमी होतात, तरी निघणाऱ्या कार ३३५ च्या घरात जातात. सुरक्षेला हात न लावता सव्वापट वाहतूक.

पण इथे छत लागतं. ३८६ च्या चक्रात प्रत्येक बाजूला जवळजवळ पाच मिनिटं लाल बघत उभं राहावं लागतं आणि इतका वेळ आपल्याकडे कोणी थांबत नाही. दुचाकीवाले तर त्याच्या निम्म्यातच कोनच्या फटीतून सरकू लागतात. म्हणून खरा उपाय टायमिंगमध्ये नाही, लांबीत आहे. २२० मीटर एकदम खणण्याऐवजी ११० चे दोन तुकडे एकामागून एक करा, म्हणजे रेषेपासून रेषेपर्यंत १५० मीटर. ऑल-रेड ६० वर येतो, चक्र ६० च्या हिरव्यासह २४६ सेकंदांचं होतं आणि तासाला एका बाजूने ३५० कार निघतात. ठेकेदाराला हे आवडत नाही, कारण डांबर पसरवणारा पेव्हर दोनदा लावावा लागतो. तरी अडकलेल्या रांगेतून हॉट मिक्सचा (गरम डांबरी मिश्रणाचा) टिपर वेळेवर पोचत नाही आणि माल थंड होतो, हा खर्चही त्याच्याच खात्यात जातो. बोलणी करताना तो मांडा.

दुसरा उपाय पैशाचा आहे: पट्ट्याच्या आत तोंड करून बसवलेला डिटेक्टर. आतली हालचाल थांबेपर्यंत तो ऑल-रेड लांबवतो. तेव्हा किमान वेळ कारची आणि कमाल वेळ ट्रॅक्टरची भरता येते, आणि ट्रॅक्टर नसताना कोणी फुकट थांबत नाही. मात्र रोलर आणि जेसीबीही हलतातच. डिटेक्टरचा झोत चालू लेनवरच राहील असा कोन साधला नाही, तर रोलर चालू आहे तोवर ऑल-रेड संपतच नाही.

हेड कोणी हलवला?

टिपरला रिव्हर्स घ्यायला जागा हवी असते. हेल्पर सिग्नलच्या हेडची, म्हणजे दिव्यांच्या खांबाची, ट्रॉली ढकलून बाजूला करतो, टिपर जातो, ट्रॉली परत येते, पण तीस-चाळीस मीटर पुढे, कारण तिथे झाडाची सावली आहे किंवा जमीन सपाट आहे. कोणाचाच हेतू वाईट नसतो. कंट्रोलरमधला आकडा मात्र जुन्या जागेचा राहतो.

यावर सॉफ्टवेअर नको, चुना पुरतो. थांबा रेषा चुन्याने आखा, ट्रॉलीच्या चारही पायांच्या जागी चुन्याच्या फुल्या मारा आणि जवळच्या खुंटीचा चेनेज ट्रॉलीच्या दारावर आतून खडूने लिहा. त्याच्याखाली चालू ऑल-रेड आणि तारीख. कोन पुढे सरकले, की हे तिन्ही पुसून नव्याने लिहायचे. दारावरची तारीख आणि कोनची जागा जुळत नसेल तर बाकी काही तपासायच्या आधी तेच दुरुस्त करा.

दोन्हीकडे एकदम हिरवा: घड्याळाचा दोष

स्वस्तातले किंवा स्थानिक पातळीवर जोडलेले बरेच संच रेडिओशिवाय चालतात. दोन्ही कंट्रोलर एकाच वेळी सुरू करायचे आणि दोघांनी आपापलं चक्र मोजत राहायचं. हे पहिल्या दिवशी अगदी बरोबर चालतं, म्हणूनच फसवं आहे.

आर्डुइनो ऊनो सारख्या तयार कंट्रोलर-बोर्डवर मुख्य चिपला वेळेचे ठोके द्यायला क्वार्ट्झ क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. अर्धा टक्का म्हणजे दिवसाला सात मिनिटं. साधा क्वार्ट्झ दहा लाखांत ५० ने चुकला तर दिवसाला चार सेकंद, आणि दुसरा डबा उलट दिशेने चुकत असेल तर फरक आठ सेकंदांवर. पाच दिवसांत चाळीस सेकंद ऑल-रेड गिळला जातो. ‘दोन दिवस ठीक, मग बिघडतं, बंद-चालू केलं की परत ठीक’ ही तक्रार ऐकली की सगळ्यात आधी हेच आठवावं.

डीएस१३०७ सारख्या घड्याळ-चिपसोबतचा छोटा क्रिस्टल २५ अंशांना बरोबर चालतो आणि त्याहून गरम वा थंड झाला की मागे पडतो. डबा उन्हात ६० अंशांवर गेला तर चूक दहा लाखांत चाळीसच्या पुढे जाते. एक डबा उन्हात, दुसरा वडाच्या सावलीत, अशा मांडणीत दुपारपुरता रोज सेकंदभर फरक साठत जातो. तापमान सांभाळणारी डीएस३२३१ वापरली तर दोन डब्यांतला फरक दिवसाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास राहतो. जीपीएस मॉड्यूलवरून वेळ घेतली तर हा प्रश्नच मिटतो, फक्त घाटाच्या कापात आकाश पुरेसं दिसतं का ते आधी बघा.

घड्याळ अचूक असूनही फसणारे दोन प्रकार आहेत. एक, चक्र ‘चालू केल्यापासून’ मोजणं. पहाटे बॅटरी खाली गेली, एक डबा क्षणभर बंद होऊन परत उठला, की त्याचं चक्र शून्यापासून सुरू आणि दुसऱ्याचं मध्यावर. चक्रातली जागा नेहमी घड्याळाच्या वेळेवरून काढा, डबा कधीही उठला तरी जुळेल.

दुसरा अधिक गमतीचा. चक्रातली जागा ‘मध्यरात्रीपासून झालेले सेकंद भागिले चक्र, उरलेली बाकी’ अशी काढतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. चक्र ३८६ चं असेल तर २२३ चक्रं होऊन ३२२ सेकंद उरतात. ३२२ व्या सेकंदाला दुसऱ्या बाजूनंतरचा ऑल-रेड चालू असतो, १०० पैकी फक्त ३६ सेकंद झालेले. बाराचा ठोका पडतो, मोजणी शून्यावर येते आणि पहिल्या बाजूला हिरवा. रोज रात्री फक्त एकदा, तेही बाराच्या ठोक्याला, ६४ सेकंद गायब. दिवसा कितीही तपासलं तरी सापडणार नाही. उपाय: मध्यरात्रीऐवजी एका ठरावीक जुन्या तारखेपासूनचे एकूण सेकंद मोजा, म्हणजे दिवस बदलल्याचं चक्राला कळतच नाही.

रेडिओ असलेला संच

रेडिओ आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. तुटल्यावर संच काय करतो यावर सगळं अवलंबून. बरोबर पद्धत अशी: मुख्य डबा दुसऱ्याला ‘हिरवा ठेव’ हे दर सेकंदाला सांगत राहतो. सलग तीन सेकंद निरोप आला नाही की दुसरा स्वतःहून पिवळा करून लाल होतो. मुख्य डब्यानेही दुसऱ्याकडून ‘लाल लागला’ हे उत्तर आल्यावरच ऑल-रेड मोजायला घ्यायचा, आणि ते उत्तर लाल दिव्यातून प्रत्यक्ष वाहणारा करंट मोजून आलेलं हवं. फक्त ‘आज्ञा मिळाली’ एवढ्यावर विसंबलं तर दिवा जळालेला असतानाही समोर हिरवा लागेल. संपर्क परत आला की कोणालाही हिरवा देण्याआधी एक पूर्ण ऑल-रेड.

काही संच बिघाडात दोन्हीकडे पिवळा लुकलुकवतात. चौकात ते चालतं, कारण तिथे समोरचा दिसतो. एका लेनच्या पट्ट्यात लुकलुकणारा पिवळा म्हणजे दोन्ही बाजूंना ‘या’ म्हणणं. सेटिंग बदला, बदलत नसेल तर तो संच या कामासाठी घेऊ नका.

संपर्क का तुटतो? बहुतेकदा अँटेना ट्रॉलीच्या डब्यावर, दीड मीटरवर असते आणि मध्ये टिपर उभा राहतो. ८६५ मेगाहर्ट्झच्या लहरींना ३०० मीटरच्या मध्यावर सरळ रेषेच्या भोवती सुमारे पाच मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. निदान तीन मीटर तरी मिळाली पाहिजे. म्हणून अँटेना खांबाच्या टोकाला, जितकी उंच तितकी चांगली. घाटातल्या वळणावर खडक आडवा आला तर उंचीने भागत नाही. वळणाच्या बाहेरच्या कडेला, जिथून दोन्ही हेड दिसतात तिथे, निरोप पुढे पोचवणारा रिपीटर लावा.

रेडिओचं मॉड्यूल विकत घेताना बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, बघा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतो. ऑनलाइन मिळणारी ९१५ ची मॉड्यूल दुसऱ्या देशांसाठीची आहेत. अँटेनाही त्याच बँडची हवी: ८६५ ला पाव लहरीची तार साडेआठ सेंटिमीटरच्या थोडी वर निघते. दुसऱ्या बँडची अँटेना स्क्रू सारखाच असल्याने बसते खरी, पण पल्ला पडतो आणि दोष मॉड्यूलच्या माथी जातो.

चौपदरीकरणासारख्या कामात एकाच किलोमीटरमध्ये दोन-तीन मोऱ्या चालू असतात आणि सगळीकडे एकाच पुरवठादाराचे संच, कारखान्यातून आलेल्या एकाच नेटवर्क क्रमांकावर. मग पहिल्या मोरीचा दुय्यम डबा दुसऱ्या मोरीच्या मुख्य डब्याचं ऐकतो. प्रत्येक जोडीला वेगळा नेटवर्क क्रमांक द्या आणि तो दोन्ही डब्यांवर रंगाने लिहा.

रडार गाडी बघत नाही

वाहन आलं तरच हिरवा देणाऱ्या संचात हेडवर छोटा मायक्रोवेव्ह रडार असतो. तो हलणारी, आणि बहुधा फक्त आपल्याकडे येणारी गाडी ओळखतो. उभी गाडी त्याला दिसत नाही. गाडी येताना तिची नोंद धरून ठेवली गेली तर ठीक. पण ड्रायव्हर सावली बघून चाळीस मीटर अलीकडेच थांबला, किंवा बैलगाडी इतकी हळू आली की तिची हालचाल उंबरठ्याखालीच राहिली, तर नोंद होतच नाही आणि ती बाजू लालच राहते. दहा मिनिटांनी वैतागून पहिली गाडी घुसते, मागून सगळी रांग.

तीन गोष्टी करा. हेड तीन मीटर उंचीवर आणि रडारचा रोख थांबा रेषेच्या मागे तीस ते पन्नास मीटरवर. ‘लाल असताना येथे थांबा’ हा फलक रेषेलाच, सावलीच्या आधी नको. आणि कंट्रोलरमध्ये कमाल लाल ठरवा: नोंद असो वा नसो, तेवढ्या वेळाने त्या बाजूला एकदा हिरवा मिळालाच पाहिजे. वाऱ्याने हलणारी फांदी झोतात असेल तर उलटा दोष येतो, रस्ता रिकामा असताना हिरवा लागत राहतो. फांदी तोडण्यापेक्षा हेड दोन हात सरकवणं सोपं.

पहाटे चारला बंद पडतो

एका वेळी एकच दिवा चालू धरून हेडला १० वॅट, कंट्रोलर-रेडिओ-रडारला ५. दिवसाचे ३६० वॅट-तास. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांच्या लेड ॲसिड बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण निम्म्याच्या खाली नेली तर ती लवकर मरते. म्हणजे हाती सहाशे, पावणेदोन दिवसांचेही नाहीत. १५० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात, सगळी तूट धरून, ४२० देतं आणि हिशेब जुळतो. जुलैत कोकणात किंवा घाटमाथ्यावर त्याच पॅनेलकडून दोनशेही निघत नाहीत. जूनपासून दर दुसऱ्या दिवशी भरलेली बॅटरी बदलायची सोय हवी, म्हणजे प्रत्येक हेडमागे एक जास्तीची बॅटरी. उन्हाळ्यात पॅनेलवर बसणारी खडीची धूळ रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा. बॅटरीच्या पेटीला कुलूप हवंच. चोरीला गेलेली बॅटरी हा या यंत्रणेचा फार सामान्य बिघाड आहे.

बॅटरी संपून एक हेड काळा पडला तर दुसऱ्याने तीन सेकंदांत पिवळा करून मग लाल व्हायला हवं. ते होतं का, याची चाचणी दर शिफ्टला करा: मध्ये गाड्या नसताना एका डब्याचा मेन स्विच बंद करा आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला फोनवर विचारा. अँटेना काढून चाचणी करू नका, भाराशिवाय ट्रान्समीटर जळू शकतो. मग लाल दिव्याचा कनेक्टर काढूनही हेच तपासा.

लाल तोडणारे आणि मधूनच येणारे

काउंटडाउन घड्याळ लालसोबत असेल तर लोक इंजिन बंद करून थांबतात. हिरव्यासोबत लावलं तर शेवटच्या पाच सेकंदांत वेग वाढवतात. म्हणून फक्त लालला लावा. आणि रडारवर चालणाऱ्या संचाला अजिबात लावू नका, कारण तिथे उरलेली वेळ कंट्रोलरलाच माहीत नसते; घड्याळ दोनदा खोटं बोललं की लोक सिग्नलचंही ऐकत नाहीत. पश्चिमेकडे तोंड असलेला हेड संध्याकाळी उन्हाने धुऊन निघतो, लाल दिसतच नाही. ३०० मिलिमीटरची भिंग आणि लांब टोपी घ्या.

पट्ट्याच्या आत उघडणारा शेतरस्ता, ढाबा किंवा पेट्रोल पंप असेल तर दोन हेडचा कोणताही संच तो प्रश्न सोडवू शकत नाही. तिथे माणूस हवा, हातात लाल-हिरवी झेंडी आणि दोन्ही टोकांशी बोलायला वॉकीटॉकी. रस्त्याच्या कामावरच्या वाहतुकीसाठी असलेल्या आयआरसी:एसपी:५५ या मार्गदर्शिकेच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे फलक आणि कोन बिनचूक लावले तरी या माणसाचं काम उरतंच. ऊसतोडीच्या दिवसांत फडातून ट्रॅक्टर कोणत्या वाटेने आणि किती वाजता निघणार हे टोळीच्या मुकादमाला आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा.

राहिली बैलगाडी. कारखान्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग पहाटे लागली की दोन्ही हेड मॅन्युअलवर घेऊन लाल करा आणि झेंडीवाल्यांनी सूत्रं घ्यावीत. मध्ये वळण असून दोघं एकमेकांना दिसत नसतील आणि वॉकीटॉकीही धड चालत नसेल, तर शेवटच्या गाडीवानाच्या हातात लाल फडकं बांधलेली काठी द्या आणि त्या गाडीमागे कोणाला सोडू नका. ती काठी पलीकडच्या झेंडीवाल्याच्या हातात पडेपर्यंत तिकडची एकही गाडी सुटणार नाही. परत येताना तीच काठी त्या बाजूच्या शेवटच्या ट्रकवाल्याकडे. काठी एकच ठेवा. दुसरी ‘असू द्या जवळ’ म्हणून कोणी बनवली तर मोडून टाका.